मागणी, संकल्प आणि मौन : ‘संपूर्ण क्रांती’च्या उद्दिष्टांचे साहित्यरूप

१

एखाद्या आंदोलनाची उद्दिष्टे काय होती, या प्रश्नाचे उत्तर इतिहासकार ठराव, जाहीरनामे आणि मागण्यांची पत्रके यांच्या आधारे देतात. साहित्याच्या अभ्यासकाला हाच प्रश्न थोड्या निराळ्या रीतीने विचारावा लागतो. उद्दिष्ट कोणत्या वाक्यात मांडले गेले, ते वाक्य कोणाला उद्देशून होते आणि ते उच्चारणाऱ्यावर त्या वाक्याने कोणते बंधन आले, याकडे त्याचे लक्ष असते. १९७४ साली बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले आणि आणीबाणीच्या काळात देशव्यापी प्रतिकाराचे रूप घेतलेले शांततामय आंदोलन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. त्याच्या राजकीय फलिताची चर्चा विपुल झाली आहे. त्याच्या उद्दिष्टांच्या भाषेकडे आणि ती भाषा ज्या साहित्यात उतरली त्या साहित्याकडे स्वतंत्रपणे पाहण्याची गरज मात्र शिल्लक राहते.

या आंदोलनाच्या भाषेत उद्दिष्टांचे दोन प्रकार सहज वेगळे करता येतात. एक मागणीचा आणि दुसरा संकल्पाचा. मागणीचा श्रोता सत्ताधारी असतो. ती मान्य होते किंवा फेटाळली जाते, आणि पूर्ण झाली तर तिच्या पूर्तीची तारीख सांगता येते. संकल्पाचा पहिला श्रोता संकल्प करणारा स्वतःच असतो. तो फेटाळण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नसतो, त्यामुळे त्याच्या अपयशाचे उत्तरदायित्वही दुसऱ्यावर टाकता येत नाही. विधानसभा बरखास्त करा, ही मागणी होती. संपूर्ण क्रांती हा संकल्प होता. आंदोलनाच्या इतिहासात हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळलेले दिसतात. साहित्यात मात्र ते वेगळे झाले, आणि या वेगळेपणातच आंदोलनाच्या सामर्थ्याचा व मर्यादेचा उलगडा होतो.

२

आंदोलनाचा आरंभ मागण्यांपासून झाला. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबाद येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या भोजनगृहाचे दर वाढले, आणि त्या असंतोषातून गुजरातचे नवनिर्माण आंदोलन उभे राहिले. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला आणि मार्चमध्ये विधानसभा विसर्जित झाली. १८ मार्च १९७४ रोजी पाटण्यात विद्यार्थ्यांनी विधानसभेला घेराव घातला. भ्रष्टाचार, महागाई, बेकारी आणि निरुपयोगी शिक्षणपद्धती हे त्यांच्या तक्रारीचे विषय होते. त्या दिवशी आणि त्यानंतर पाटण्यात हिंसाचार झाला. विद्यार्थ्यांच्या विनंतीवरून जयप्रकाशांनी नेतृत्व स्वीकारले ते आंदोलन शांततामय राहील या अटीवर.

ही अट घालणारा माणूस अहिंसेच्या परंपरेत जन्मापासून वाढलेला नव्हता. अमेरिकेत शिकत असताना तो मार्क्सवादी झाला होता. १९३२ नंतरच्या काळात नाशिकच्या तुरुंगात मिनू मसानी, अच्युत पटवर्धन आदी तरुणांसमवेत झालेल्या चर्चेतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली. १९४२ मध्ये हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून बाहेर पडल्यावर जयप्रकाशांनी सशस्त्र ‘आझाद दस्ते’ उभारण्याचा प्रयत्न केला. १९५४ मध्ये बोधगया येथे त्यांनी सर्वोदयाच्या कार्यासाठी जीवनदान जाहीर केले. सशस्त्र क्रांतीपासून भूदानापर्यंतचा हा प्रवास ध्यानात घेतला म्हणजे त्यांनी ‘अहिंसा’ या शब्दाऐवजी ‘शांतिमय’ हा शब्द का पसंत केला, हे समजते. अहिंसा ही निष्ठा आहे आणि ती हजारो तरुणांवर लादता येत नाही, शांततामयता मात्र आचरणाची शिस्त म्हणून स्वीकारता येते, असा हा विवेक होता. पुढे १९७५ च्या प्रारंभी स्थापन झालेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीने ‘शांतिमय’ या शब्दाला ‘शुद्ध’ या शब्दाची जोड दिली. ‘शांतिमय’ या पदाने साधनाची मर्यादा सांगितली होती. ‘शुद्ध’ या पदाने साधन आणि साध्य यांतील अंतरच मिटवले.

५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर ‘संपूर्ण क्रांती’ हा शब्द उच्चारला गेला, आणि त्या क्षणी आंदोलनाचे उद्दिष्ट मागणीच्या कक्षेबाहेर गेले. सामाजिक, आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक, वैचारिक, शैक्षणिक आणि आध्यात्मिक अशा सात क्रांत्यांचा समुच्चय म्हणजे संपूर्ण क्रांती, असे स्पष्टीकरण जयप्रकाशांनी नंतर दिले. ही संख्या कमी-अधिक होऊ शकते, असेही त्यांनी सांगून ठेवले. या सैलपणावर टीकाकारांनी बोट ठेवले आहे, आणि ती टीका निराधार नाही. जे सर्व काही सामावून घेते ते काहीच निश्चित करीत नाही, हा आक्षेप कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेला लागू पडतो. परंतु संकल्पाची कसोटी निराळी आहे. जातिसूचक आडनाव टाकणे, हुंडा न घेणे, जानवे उतरवून ठेवणे अशा कृती हजारो तरुणांकडून त्या काळात अपेक्षिल्या गेल्या. त्यांची पूर्ती करण्यास कोणतेही मंत्रिमंडळ समर्थ नव्हते आणि त्या रोखण्यासही समर्थ नव्हते.

येथे आणखी एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. हे आंदोलन सुरू झाले तेव्हा ते हुकूमशाहीविरोधी म्हणून सुरू झाले नव्हते. बिहारचे अब्दुल गफूर मंत्रिमंडळ निवडून आलेल्या विधानसभेला जबाबदार होते, आणि निवडून आलेली विधानसभा रस्त्यावरील दडपणाने बरखास्त करण्याची मागणी लोकशाहीत बसते काय, हा प्रश्न आंदोलनाच्या अनेक प्रामाणिक विरोधकांनी विचारला. प्रतिनिधीला परत बोलावण्याचा मतदारांचा अधिकार हे जयप्रकाशांचे त्यावरील उत्तर होते. राज्यसत्ता एका व्यक्तीच्या हाती एकवटत आहे, ही जाणीव क्रमाक्रमाने आंदोलनाच्या केंद्रस्थानी आली, आणि २५ जून १९७५ च्या रात्रीने त्या जाणिवेला अनपेक्षित पुरावा पुरवला. हुकूमशाहीची शंका आणि हुकूमशाहीचा अनुभव यांमधील हे अंतर साहित्याच्या संदर्भात महत्त्वाचे ठरते. शंकेच्या काळातील लेखन उपरोधाकडे झुकते. अनुभवाच्या काळातील लेखन आत्मपरीक्षणाकडे वळते.

३

आंदोलनातील लेखकांमध्ये फणीश्वरनाथ रेणू यांचे स्थान अग्रभागी आहे. ते १९४२ च्या लढ्यात आणि नेपाळच्या राणाशाहीविरोधी क्रांतीत सहभागी झाले होते. १९७२ मध्ये फारबिसगंज मतदारसंघातून अपक्ष उमेदवार म्हणून उभे राहून ते पराभूत झाले. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात निदर्शकांवर आणि खुद्द जयप्रकाशांवर लाठ्या चालल्या, त्यानंतर त्यांनी पद्मश्री परत केली. ही कृती प्रसिद्ध आहे. तथापि आंदोलनाच्या उद्दिष्टांविषयी त्यांनी सांगितलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आंदोलनाच्या वीस वर्षे आधी, १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मैला आँचल’ या कादंबरीत आहे.

पूर्णिया जिल्ह्यातील एका मागास गावाच्या या कथेत बावनदास नावाचा ठेंगणा, कुरूप आणि निष्ठावंत गांधीवादी कार्यकर्ता येतो. स्वातंत्र्य आल्यावर आपल्याच पक्षातील माणसे काळाबाजार करीत आहेत, हे तो पाहतो. गांधीहत्येनंतरच्या शोकाच्या दिवसांत चोरट्या मालाने भरलेल्या बैलगाड्या सरहद्दीपलीकडे नेल्या जात असताना तो एकटा त्यांच्यासमोर उभा राहतो. गाड्या थांबत नाहीत. त्याच्या अंगावरून त्या हाकल्या जातात, आणि त्याचा देह ओझ्यासारखा सरहद्दीपलीकडे टाकून देण्यात येतो. पुढे त्याची झोळी एका झाडाला लटकत राहते. तिचा इतिहास ठाऊक नसलेली माणसे नवस म्हणून त्या झाडाला चिंध्या बांधू लागतात आणि तेथे एका पिराचे स्थान निर्माण होते.

स्वराज्यात सत्याग्रहाचे काय होते, याचे याहून निर्दय चित्र भारतीय कादंबरीत विरळा आढळेल. बावनदासाची मागणी अगदी लहान आहे : या गाड्या जाऊ नयेत. ती फेटाळली जाते. त्याचा संकल्प मात्र शेवटपर्यंत अभंग राहतो. रेणूंची दृष्टी एवढ्यावर थांबत नाही. मरणानंतर संकल्पाचे जे होते तेही ते दाखवतात. समाज त्याची पूजा करतो, पण त्याचा आशय विसरतो. झाडावरील चिंध्या हे श्रद्धेचे चिन्ह आहे, तसेच ते विस्मरणाचेही चिन्ह आहे. १९७४ मध्ये रेणू रस्त्यावर उतरले तेव्हा ते या दृश्याचे लेखक म्हणून उतरले होते, हे विसरता कामा नये. आंदोलन विजयी झाले तरी त्याच्या उद्दिष्टांचे काय होऊ शकते, याची कल्पना त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. आणीबाणी उठल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, ११ एप्रिल १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. नव्या राजवटीवर कादंबरी लिहिण्यास ते उरले नाहीत. ती कादंबरी एका अर्थी त्यांनी आधीच लिहून ठेवली होती.

४

८ एप्रिल १९७४ रोजी पाटण्यात निघालेला मौन मोर्चा हे या आंदोलनाचे पहिले मोठे दर्शन होते. तोंडावर पट्ट्या बांधलेली माणसे शिस्तीने रस्त्यावरून चालत गेली. घोषणेविना निघालेला मोर्चा मागणी करीत नाही. तो केवळ उपस्थिती नोंदवतो. बांधलेल्या तोंडाचे हे प्रतीक त्या दिवशी स्वेच्छेचे होते. चौदा महिन्यांनी तीच पट्टी वृत्तपत्रपूर्वपरीक्षणाच्या रूपाने देशभर सक्तीने बांधली गेली. प्रतीक आणि वास्तव यांची जागा इतक्या लवकर बदललेली क्वचितच पाहावयास मिळते.

मौनाचे दुसरे रूप महाराष्ट्रात, वर्ध्याजवळील पवनार आश्रमात होते. विनोबा भावे यांनी २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्षाचे मौन धारण केले होते. आणीबाणीच्या संदर्भात त्यांनी योजलेला ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारी प्रचारात भिंतीभिंतींवर झळकला. मौन सुटल्यावर विनोबांनी त्याचा अर्थ उलगडला : शासन राज्यकर्त्यांचे असते, अनुशासन आचार्यांचे असते. महाभारतातील पर्वाचे नाव धारण करणारा हा शब्द अशा रीतीने दोन परस्परविरोधी अर्थांनी वापरला गेला. त्यातून एक साहित्यिक धडा मिळतो. मौन पाळणाऱ्याच्या शब्दाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार इतरांच्या हाती जातो. पाटण्याचे मौन हजारोंचे होते. ते चालत होते आणि त्याचा रोख स्पष्ट होता. पवनारचे मौन एकट्याचे होते आणि म्हणून ते सत्तेला उसने घेता आले.

४ नोव्हेंबरच्या लाठीमारानंतर धर्मवीर भारती यांनी लिहिलेली ‘मुनादी’ ही कविता या संदर्भात मोलाची आहे. १९६० पासून मुंबईत ‘धर्मयुग’चे संपादन करणाऱ्या या कवीने निषेधासाठी जो घाट निवडला तो सत्तेचाच आहे. मुनादी म्हणजे दवंडी. कवितेतील आवाज दवंडी पिटणाऱ्याचा आहे. एक बहात्तर वर्षांचा म्हातारा खरे बोलत रस्त्यावर आला आहे, तेव्हा नागरिकांनी दारेखिडक्या लावून घ्याव्यात, असा इशारा तो देतो. कवी स्वतः एक शब्दही बोलत नाही. राज्यकर्त्यांची भाषा पूर्ण गांभीर्याने बोलली गेली म्हणजे तिचे हास्यास्पद भय आपोआप उघडे पडते, यावर कवितेचा सारा भर आहे. मराठी वाचकाला दवंडीचा ठेका परिचित आहे. गावचावडीवरील हुकुमाचा तो स्वर ऐकणाऱ्याला उत्तर देण्याची मुभा देत नाही. उत्तराला मज्जाव करणाऱ्या या स्वरातच ‘मुनादी’ने उत्तर दडवले. हे शंकेच्या काळातील लेखन आहे. हुकूमशाही अद्याप घोषित झालेली नाही, पण तिची भाषा कवीच्या कानावर आली आहे.

याच संदर्भात रामधारी सिंह दिनकर यांच्या ‘जनतंत्र का जन्म’ या कवितेचे भाग्य विचारात घेण्यासारखे आहे. २६ जानेवारी १९५० च्या प्रजासत्ताकाचे स्वागत करण्यासाठी लिहिलेली ही कविता आंदोलनाच्या सभांमधून गाजली, आणि २५ जून १९७५ च्या दिल्लीतील रामलीला मैदानावरील सभेशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. दिनकर स्वतः राज्यसभेत काँग्रेसचे सदस्य राहिले होते. २४ एप्रिल १९७४ रोजी त्यांचे निधन झाले होते. प्रजासत्ताकाच्या जन्माचे गीत पंचवीस वर्षांनी त्याच प्रजासत्ताकाच्या सरकारविरुद्ध म्हटले जाते, याचा अर्थ आंदोलनाला नवे राज्य नको होते, असाच घ्यावा लागेल. जे वचन आधीच दिले गेले होते त्याची आठवण त्याला करून द्यावयाची होती.

५

आणीबाणीच्या पहिल्या रात्री जयप्रकाशांना दिल्लीत अटक झाली आणि पुढे चंडीगढच्या रुग्णालयात त्यांना एकाकी स्थानबद्ध करण्यात आले. तेथे जुलै ते नोव्हेंबर १९७५ या काळात त्यांनी लिहिलेली रोजनिशी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. पु. ल. देशपांडे यांनी तिच्या मराठी अनुवादाला ‘स्वगत’ हे नाव दिले. रंगभूमीचा हा जाणकार हे नाव सहज देणार नाही. स्वगत हा नाट्यसंकेत आहे. रंगमंचावरील पात्र जे कोणालाच ऐकू येणार नाही असे मानून बोलते, ते संपूर्ण प्रेक्षागृहाला ऐकू जाते. तुरुंगातील रोजनिशीचे स्वरूप याहून वेगळे नसते.

या स्वगताचा आरंभच पराभवाच्या कबुलीने होतो. आपल्याभोवतीचे विश्व मोडून पडलेले लेखकाला दिसते, आणि आपला हिशेब कोठे चुकला, हा प्रश्न तो स्वतःला विचारतो. लोकशाहीतील पंतप्रधान आंदोलनाचा पराभव करण्यासाठी सर्व साधारण व असाधारण कायदे वापरील, पण लोकशाहीच बाजूला सारणार नाही, असे त्याने गृहीत धरले होते. हे गृहीतक चुकले. ही कबुली दोन दृष्टींनी लक्षणीय आहे. नेता येथे शत्रूच्या क्रौर्याबद्दल बोलण्याआधी स्वतःच्या अंदाजाबद्दल बोलतो. आणि शांततामय आंदोलनाचे एक गूढ गृहीतकही येथे उघड होते : प्रतिपक्षावरील विश्वास हा अशा आंदोलनाच्या पायाचा दगड असतो. सत्याग्रही ज्याच्याशी लढतो त्याच्या विवेकावर तो विसंबून असतो. विश्वास खोटा ठरला तर काय करावे, या प्रश्नाला रोजनिशीत सिद्ध उत्तर नाही.

याच बंदिवासात जयप्रकाशांनी विफलतेविषयी एक हिंदी कविता लिहिली. ती काव्यगुणांसाठी वाचली जाणार नाही. तिचे महत्त्व तिच्या भूमिकेत आहे. यश अनेकदा हाताशी आले असता आपण ते दूर सारले, आणि जगाने ज्याला विफलता म्हटले ते आपल्या दृष्टीने शोधाचे टप्पे होते, असा तिचा आशय आहे. मागणीच्या भाषेत ही कविता लिहिताच आली नसती. मागणी करणारा यशापयश मोजतो, तर संकल्प करणाऱ्याला अपयशही मार्गाचाच भाग वाटते. अर्थात या भूमिकेत एक धोका आहे, आणि तो नजरेआड करता येत नाही. प्रत्येक पराभवाला शोधाचा टप्पा म्हणणारा नेता आपल्या अनुयायांना जाब देण्यातून सुटू शकतो. रोजनिशीतील आत्मपरीक्षणाच्या नोंदी आणि ही कविता शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तरच तिचा तोल कळतो. त्या नोंदींनी जाब दिला आहे, म्हणून कवितेला समाधान मानण्याचा अधिकार पोचतो.

६

मराठी साहित्यविश्वाचा या आंदोलनाशी आलेला सर्वांत स्मरणीय संबंध डिसेंबर १९७५ मधील कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाचा होय. अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत होत्या आणि केंद्रीय मंत्रिमंडळातील यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. जयप्रकाशांची सुटका झाली होती, पण मूत्रपिंडाच्या विकाराने ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात अत्यवस्थ होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पूर्वपरीक्षणाच्या त्या काळात या आवाहनाचे वाङ्मयीन मर्म पाहण्यासारखे आहे. प्रार्थना सरकारकडे काही मागत नाही, त्यामुळे ती नाकारता येत नाही. ती भाषणही नव्हे, त्यामुळे ती खोडता येत नाही. लोकसाहित्याच्या या अभ्यासिकेने लोकांच्या सर्वांत जुन्या वाङ्मयप्रकाराचा आश्रय घेतला आणि निषेधाला असा आकार दिला की त्यात सामील न होणे हेच विरोधकाला अवघड व्हावे. पुढे दुर्गाबाईंना कारावास भोगावा लागला.

मागणीची भाषा या काळात पूर्णतः थांबली नव्हती. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये पूर्वपरीक्षकाच्या मनमानीला मर्यादा घातल्या. ‘साधना’ साप्ताहिकाने यदुनाथ थत्ते यांच्या संपादनाखाली हा झगडा चालू ठेवला. परंतु मराठीत या काळाचे जे लेखन टिकले, ते बहुतांशी तुरुंगातून अथवा तुरुंगाच्या अनुभवातून आले. कुमार सप्तर्षी यांच्या ‘येरवडा विद्यापीठातील दिवस’ या पुस्तकाच्या नावातच कारागृहाचे रूपांतर अध्ययनस्थळात होते. विनय हर्डीकर यांच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’ या १९७८ मधील पुस्तकात प्रतिकाराच्या अनुभवाबरोबर त्या अनुभवाची चिकित्सा आहे. जे आपल्या बाजूचे आहेत त्यांच्याकडेही शंकेने पाहण्याची ही वृत्ती मराठी आणीबाणी-साहित्याचे खरे संचित म्हटले पाहिजे.

या चित्राला एक दुसरी बाजू आहे, आणि ती वगळली तर विवेचन एकांगी होईल. १९७६ मध्ये नामदेव ढसाळ यांची ‘प्रियदर्शिनी’ ही इंदिरा गांधींवरील दीर्घ कविता प्रसिद्ध झाली. दलित पँथरच्या एका संस्थापकाने आणीबाणीच्या काळात घेतलेली ही भूमिका अनेकांना धक्कादायक वाटली. तिचे समर्थन करण्याचे कारण नाही, पण ती समजून घेण्याचे कारण आहे. जुलै १९७५ मध्ये घोषित झालेल्या वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना घरासाठी जागा, वेठबिगारीचे निर्मूलन आणि ग्रामीण कर्जाला स्थगिती यांची आश्वासने होती. १९७६ मध्ये वेठबिगारी नष्ट करणारा कायदाही झाला. अविष्काराचे स्वातंत्र्य हे ज्याला कधी पुरते लाभलेच नव्हते, त्याला त्या स्वातंत्र्याच्या अपहाराची वेदना मध्यमवर्गीय लेखकाइतकी तीव्रपणे जाणवावी, ही अपेक्षा भाबडी होती. संपूर्ण क्रांतीच्या सात घटकांत सामाजिक क्रांतीला पहिले स्थान होते. तरीही आंदोलनाची सभा, त्याचे नेतृत्व आणि त्याचे वाङ्मय यांत दलितांचा आवाज क्षीण होता. ‘लोक’ या शब्दात कोण येते, हा प्रश्न ढसाळांच्या कवितेने चुकीच्या उत्तराच्या रूपाने का होईना, विचारला. आंदोलनाच्या साहित्याने तो पुरेशा गांभीर्याने स्वतःला विचारल्याचे दिसत नाही.

७

मार्च १९७७ च्या निवडणुकीत मागणी पूर्ण झाली. २१ मार्च रोजी आणीबाणी उठली, जनता पक्षाचे सरकार आले, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या कारणांमधील ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून त्या जागी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. शांततामय आंदोलन हे आता आणीबाणीचे निमित्त होऊ शकत नव्हते. एका आंदोलनाने राज्यघटनेच्या भाषेत घडवून आणलेला हा बदल लहान नाही. प्रतिनिधीला परत बोलावण्याचा अधिकार मात्र लोकसभेच्या मतदारांना मिळाला नाही, आणि जनता सरकार जयप्रकाशांच्या हयातीतच कोसळले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले.

या विजयाचे साहित्यिक मूल्यमापन सर्वांत कठोरपणे केले ते नागार्जुन यांनी. आंदोलनात सामील होऊन कारावास भोगलेल्या या कवीने पुढे त्याच्याकडे पाठ फिरवली. त्यांच्या १९८० मधील संग्रहाचे ‘खिचड़ी विप्लव देखा हमने’ हे नाव पुरेसे बोलके आहे. परस्परविरोधी विचारांचे पक्ष एका भांड्यात शिजत होते, आणि त्यातून क्रांतीऐवजी खिचडी तयार झाली, असा हा उपहास आहे. भवानीप्रसाद मिश्र यांनी आणीबाणीच्या काळात रोज तीन कविता लिहिण्याचे व्रत पाळले. त्यातून ‘त्रिकाल संध्या’ हा संग्रह सिद्ध झाला. एका कवीने आंदोलनावर टीका केली आणि दुसऱ्याने व्रत पाळले. या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचे मूळ एक आहे. दोघांनीही आंदोलनाला मागणीच्या मापाने मोजण्यास नकार दिला.

संकल्पाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी दिल्ली सोडून बोधगयेला जावे लागते. १९५४ मध्ये जेथे जीवनदानाची घोषणा झाली होती, त्याच परिसरात १९७८ पासून छात्र युवा संघर्ष वाहिनीने तेथील मठाच्या ताब्यातील जमिनीसाठी भूमिहीन दलित शेतमजुरांसह शांततामय लढा सुरू केला. या लढ्यात स्त्रियांनी जमीन स्वतःच्या नावे मिळावी असा आग्रह धरला, आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी काही गावांत ती तशी मिळाली. जमीन मिळाल्याने आपल्याला जणू वाचा फुटली, अशा आशयाचे त्या स्त्रियांचे उद्गार अभ्यासकांनी नोंदवले आहेत. पाटण्याच्या मौन मोर्च्यात ज्यांनी तोंडावर पट्टी बांधली, त्यांना बोलता येत होते. येथे जन्मापासून बांधलेली पट्टी सुटली. संपूर्ण क्रांतीच्या सात नावांपैकी किमान चार नावे या एका घटनेला लागू पडतात, आणि ढसाळांच्या कवितेने अप्रत्यक्षपणे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही तिच्यात आहे.

या घटनेवर ‘मैला आँचल’च्या तोलाची कादंबरी मराठीत वा हिंदीत झालेली नाही. आंदोलनाच्या वाङ्मयाची खरी उणीव हीच होय. सत्तेने मागणी फेटाळली त्या क्षणाला कवी मिळाले, रोजनिशीकार मिळाले, साक्षीदार मिळाले. जेथे संकल्प शांतपणे, वर्षानुवर्षे आणि अल्प प्रमाणात पुरा होत राहिला, तेथे वाङ्मय पोचले नाही. दडपशाही आपल्याबरोबर नाट्य घेऊन येते आणि लेखकाला हाक मारते. जमिनीच्या सातबाऱ्यावर किंवा खतियानावर एका स्त्रीचे नाव चढते तेव्हा तशी हाक ऐकू येत नाही. बावनदासाच्या झोळीला पीर समजून चिंध्या बांधणाऱ्यांचे विस्मरण रेणूंनी दाखवले ते हेच. संपूर्ण क्रांतीच्या वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याने १९७७ च्या विजयापाशी थांबणे म्हणजे त्या झाडाला आणखी एक चिंधी बांधणे होईल. झोळी खाली उतरवून तिच्यात काय होते हे पाहण्याचे काम अद्याप बाकी आहे.